बटणांचा फोन दोन सुरांत का बोलतो?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच वस्तूविषयी होती आणि ती वस्तू म्हणजे बटणांचा टेलिफोन. दिवाळीच्या साफसफाईत बऱ्याच घरांतले जुने फोन माळ्यावरून खाली उतरले असावेत, असा माझा तर्क आहे. पाचही प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे या वेळी त्यांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न: मी बँकेत तीस वर्षे आधी बेरजेच्या यंत्रावर आणि नंतर संगणकावर आकडे मारले. तेथे ७-८-९ वरच्या ओळीत असतात. फोनवर आणि एटीएमवर मात्र १-२-३ वर असतात. निवृत्त झालो तरी एटीएमवर बोट चुकते. आम्हां लोकांची बोटे फार भरभर चालत, म्हणून एक्स्चेंजला झेपावे या हेतूने टेलिफोनवाल्यांनी मुद्दाम उलटी मांडणी केली, असे आमच्या शाखेत सांगत असत. हे खरे आहे काय?
(एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली)

उत्तर: ही गोष्ट सांगायला छान आहे, पण हिशेबात टिकत नाही. बटण दाबल्यावर निघणारा सूर ओळखायला एक्स्चेंजमधल्या यंत्रणेला साधारण ४० मिलिसेकंद पुरतात आणि दोन सुरांमध्ये तेवढीच विश्रांती लागते. म्हणजे एका सेकंदात बारा आकडे ती सहज टिपू शकते. आपल्या शाखेतले सर्वांत चपळ बोटदेखील या वेगाच्या जवळपास पोहोचले नसते, त्यामुळे त्याला लगाम घालण्याचे कारणच नव्हते.

दोन मांडण्यांची घराणी मुळातच वेगळी आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघालेल्या कॉम्प्टोमीटर या गणनयंत्रात एकम, दहम, शतम यांसाठी बटणांचे स्वतंत्र उभे रकाने असत आणि प्रत्येक रकान्यात १ तळाशी, तर ९ माथ्यावर असे. पुढे दहाच बटणांत काम भागवणारी यंत्रे आली. त्यांपैकी १९१४ च्या सुमाराच्या सन्डस्ट्रँड यंत्रावर ७-८-९ वरच्या ओळीत होते आणि आपल्या संगणकावर आजही तोच क्रम आहे.

टेलिफोनची मांडणी अमेरिकेतल्या बेल या टेलिफोन कंपनीच्या संशोधनशाळेत, म्हणजे बेल लॅबोरेटरीजमध्ये ठरली. तेथे मानवी सवयींचा अभ्यास करणाऱ्या विभागाचे प्रमुख जॉन कार्लिन हे दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले मानसशास्त्रज्ञ होते आणि उत्तम व्हायोलिनही वाजवत. त्यांच्या विभागातल्या आर. एल. डायनिंजर यांनी बटणांच्या दीड डझनाच्या आसपास मांडण्या करून लोकांकडून त्यांवर नंबर फिरवून घेतले. बटणे जुन्या तबकडीसारखी गोलाकार लावून पाहिली, पाच-पाचच्या दोन आडव्या ओळींत आणि दोन उभ्या ओळींत लावून पाहिली. प्रत्येक वेळी लागलेला वेळ आणि झालेल्या चुका मोजल्या आणि कोणती मांडणी आवडली हेही विचारले. बटण किती जोराने दाबावे लागावे आणि किती खोल जावे, याचीही अशीच परीक्षा झाली. हा अभ्यास १९६० मध्ये बेल सिस्टिमच्या तांत्रिक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मला त्यातली सर्वांत प्रांजळ गोष्ट ही वाटते की, अनेक मांडण्यांमध्ये वेळेचा फरक अगदीच किरकोळ निघाला. तीन-तीनच्या तीन ओळी आणि खाली शून्य ही मांडणी निवडली गेली, कारण ती वापरायला सोपी होती, लोकांना पसंत होती आणि तबकडीच्या जागेत आटोपशीर बसत होती.

१-२-३ वर का, याचे एक कारण वाचण्याच्या सवयीत आहे. मेरी लुट्झ आणि अल्फॉन्स चापॅनिस यांनी १९५५ मध्येच लोकांना कोरी बटणे दाखवून कोणता आकडा कोठे असावा असे वाटते, ते विचारले होते. सर्वाधिक लोकांनी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून १-२-३ असेच मांडले. दुसरे कारण आपल्याकडच्या वाचकाला चटकन सुचणार नाही. त्या काळी अमेरिकेतले नंबर दोन अक्षरे आणि पाच आकडे असे असत, त्यामुळे बटणांवर अक्षरेही छापावी लागत. ७-८-९ वर ठेवले असते, तर इंग्रजी मुळाक्षरांची शेवटची टोळी माथ्यावर आणि एबीसी तळाशी गेली असती. पुढे १९६८ मध्ये कॉनरॅड आणि हल या ब्रिटिश संशोधकांनी दोन्ही मांडण्या समोरासमोर ठेवून तपासल्या, तेव्हा सराव नसलेल्या माणसांच्या हातून टेलिफोनच्या मांडणीवर थोड्या कमी चुका झाल्या. आपली अडचण अशी की, आपण सराव नसलेले नाही. तीस वर्षांची सवय बोटांत आहे आणि एटीएमने टेलिफोनची मांडणी उचलली आहे. त्याला इलाज नाही.

प्रश्न: मी गाणे शिकवते. बटण दाबल्यावर येणारा आवाज मला कधीच एका स्वराचा वाटला नाही. दोन बेसूर स्वर एकत्र वाजवल्यासारखे वाटते. माझा कान खरे सांगतो आहे का? आणि तो आवाज गळ्यातून किंवा शिट्टीने काढला, तर नंबर लागेल का?
(एक वाचिका, मिरज)

उत्तर: आपला कान अगदी खरे सांगतो आहे. प्रत्येक बटण दोन सूर एकाच वेळी वाजवते: एक त्याच्या आडव्या ओळीचा आणि दुसरा उभ्या ओळीचा. आडव्या ओळींना वरून खाली ६९७, ७७०, ८५२ आणि ९४१ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तितकी कंपने); हा खालचा गट. उभ्या ओळींना डावीकडून उजवीकडे १२०९, १३३६ आणि १४७७ हर्ट्झ; हा वरचा गट. ५ चे बटण मधल्या ओळींच्या छेदावर आहे, म्हणून ते ७७० आणि १३३६ वाजवते. सात सुरांच्या जोड्यांतून बारा बटणे तयार होतात.

आपण पेटीवर बसून ३ चे बटण तपासून पाहा. ६९७ हर्ट्झ म्हणजे वरच्या सप्तकातली जवळजवळ नेमकी पांढरी चार. १४७७ म्हणजे त्याच्याही वरच्या सप्तकातली जवळजवळ नेमकी काळी तीन. ही पट्टी बहुतेक पेट्यांवर नसते, पण मनात धरता येईल. पांढरी चार आणि काळी तीन या शेजारणी आहेत. एक सप्तक दूर नेल्या तरी त्यांचे जमत नाही, म्हणून ३ चे बटण कानाला टोचते. उरलेले बहुतेक सूर तर पेटीच्या कोणत्याच पट्टीवर नीट बसत नाहीत.

हा बेसूरपणा ठरवून आणलेला आहे. एक्स्चेंजचा कान त्याच तारेवर बसलेला असतो, ज्या तारेवरून माणसाचे बोलणे, मागे चाललेला रेडिओ, कुकरची शिट्टी आणि रडणारे मूल हे सगळे येत असते. त्यातून त्याला बटणे तेवढी निवडायची असतात. मानवी आवाजाचा आणि बहुतेक वाद्यांचा स्वभाव असा की, मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे सूरही निघतात. म्हणून बेलच्या अभियंत्यांनी अशा वारंवारता निवडल्या की, त्यांपैकी कोणतीही दुसरीच्या पटीत नाही आणि कोणत्याही दोघींची बेरीज वा वजाबाकी तिसरीवर जाऊन पडत नाही. ६९७ ची दुप्पट १३९४ होते. ती १३३६ आणि १४७७ यांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडते. ७७० ची दुप्पट १५४० होते, तीही १४७७ च्या पुढे निघून जाते. एकाच गटातल्या शेजारच्या दोन सुरांचे प्रमाण साधारण २१ : १९ आहे, पूर्ण स्वरापेक्षा किंचित कमी आणि अर्ध्या स्वरापेक्षा बरेच जास्त. सूर ठरलेल्या जागेपासून सुमारे दीड टक्का सरकला तरी तो मान्य करावा लागतो, पण फार सरकला तर नाकारावा लागतो. दोन्ही सूर आले, प्रत्येक गटातून एकेकच आला, पुरेसा वेळ टिकला आणि दोघांची ताकद साधारण जुळती असली, तरच आकडा नोंदला जातो.

ताकदीचा मुद्दा बारीक आहे, पण मला फार आवडतो. लांबच्या तारेत उंच सूर खालच्या सुरापेक्षा जास्त क्षीण होतो. म्हणून फोन वरच्या गटाचा सूर निघतानाच जरा मोठा काढतो, म्हणजे एक्स्चेंजला पोहोचेपर्यंत दोघे जवळपास सारखे होतात. तंबोरा लावताना शेवटच्या रांगेतल्या श्रोत्याचा विचार करावा, तसे हे झाले.

आता गळ्याचे. एका गळ्यातून दोन असंबद्ध सूर एकाच वेळी निघत नाहीत आणि शिट्टी तर जवळजवळ शुद्ध एकच सूर देते, म्हणून एकट्या माणसाला हे साधत नाही. जो एंग्रेसिया नावाचा जन्मांध अमेरिकन मुलगा शिट्टी वाजवून दूरच्या टेलिफोन लाइनी काबूत घेत असे, हे खरे आहे. परंतु तो २६०० हर्ट्झचा एकच सूर वाजवत असे आणि तो सूर एक्स्चेंजा आपसांत वापरत. बटणांच्या सुरांशी त्याचा संबंध नाही. आपल्या दोन तयारीच्या विद्यार्थिनींनी एकेक सूर अचूक धरला, तर तत्त्वतः आकडा लागू शकेल. पण दीड टक्क्याची शिस्त लक्षात ठेवावी.

जुना संच हाताशी असेल आणि लाइन चालू असेल, तर एक प्रयोग करण्यासारखा आहे. १ आणि २ ही बटणे एकदम दाबा. बऱ्याच जुन्या संचांत तेव्हा उभ्या ओळीचे सूर गप्प होतात आणि ६९७ हा एकटा सूर ऐकू येतो. १ आणि ४ एकदम दाबली, तर १२०९ एकटा उरतो. आपल्याला दोन सूर वेगळे करून ऐकायचे असतील, तर याहून सोपा मार्ग नाही.

प्रश्न: आमच्याकडे १९९० च्या आसपास तबकडीचा काळा फोन जाऊन बटणांचा आला. पण बटण दाबले की सुरांऐवजी कट-कट-कट असा आवाज यायचा आणि नंबर लागायला पूर्वीइतकाच वेळ जायचा. फोनच्या बुडाशी टी आणि पी अशी खूण असलेला एक छोटा खटका होता. मग बटणे नुसती शोभेची होती का?
(एक वाचक, अकोला)

उत्तर: बटणे खरी होती, पण त्यांचे ऐकणारे एक्स्चेंज जुने होते. तबकडी फिरवून सोडली की ती परत येताना लाइनचा विद्युतप्रवाह क्षणभर तोडते आणि जोडते. १ साठी एकदा, ५ साठी पाचदा, शून्यासाठी दहादा. हा वेग सेकंदाला दहा तुटींचा ठरलेला होता. स्ट्रॉजर या जुन्या यांत्रिक पद्धतीच्या एक्स्चेंजमध्ये प्रत्येक तुटीसरशी एक धातूचा हात एकेक पायरी वर चढे, मग पुढच्या आकड्याला आडवा फिरे. त्या हाताला सूर ऐकायला कानच नव्हते. अशा लाइनवर खटका टी वर, म्हणजे टोनवर (सुरांवर), ठेवून बटण दाबले, तर पीं असा आवाज होई आणि त्यामागे डायल टोन निवांत चालूच राही.

म्हणून भारतात विकल्या गेलेल्या बटणांच्या फोनमध्ये पी म्हणजे पल्सची, अर्थात तुटींची, सोय ठेवलेली असे. आपण भराभर दहा बटणे दाबत होतात, आतली चिप ते आकडे साठवत होती आणि मग तबकडीच्या चालीने एकेका आकड्याच्या तुटी लाइनवर सोडत होती. कट-कट तीच. नागपूरचा एसटीडी कोड ०७१२ घ्या: दहा, सात, एक आणि दोन मिळून वीस तुटी, म्हणजे नुसत्या तुटींनाच दोन सेकंद, वर आकड्यांमधल्या विश्रांती वेगळ्या. मुंबईच्या ०२२ ला चौदा तुटी. तबकडीच्या काळी हा हिशेब किती गांभीर्याने करत, हे पाहायचे असेल तर अमेरिकेतले १९४७ चे क्षेत्र-कोड पाहावेत. न्यूयॉर्कला २१२ दिला, म्हणजे जेमतेम पाच तुटी. कारण ज्या शहराला सर्वांत जास्त फोन जाणार, त्याचा कोड सर्वांत लवकर फिरला पाहिजे.

आमच्याही घरी असा फोन आला होता. ज्या दुकानातून घेतला, तेथे खटका टी वर ठेवून दिला होता. दोन दिवस एकही नंबर लागला नाही, येणारे फोन मात्र व्यवस्थित येत होते. वडिलांनी संच बिघडला म्हणून परत देण्यासाठी खोक्यात घातलाही. तेवढ्यात दुसऱ्याच कामासाठी आलेल्या लाइनमनने पेनाच्या टोकाने खटका सरकवला आणि चहाही न घेता निघून गेला. पुढे एक्स्चेंज इलेक्ट्रॉनिक झाले, तेव्हा खटका परत टी वर करायचा असतो हे कोणी सांगितले नाही, आणि आम्ही कित्येक महिने विनाकारण कट-कट ऐकत बसलो. आपल्याकडेही तसेच झाले असण्याची बरीच शक्यता आहे.

जाता जाता एक आठवण. काळ्या फोनच्या तबकडीला लावलेले छोटे कुलूप अनेकांना आठवत असेल. ते कुलूप न काढता क्रेडलची दांडी ठराविक ठेक्यात टिचकवून नंबर लावणारी मुले प्रत्येक चाळीत एखादे तरी असत. दांडी टिचकवली की प्रवाह तुटतो, आणि तबकडीही तेच करते. एक्स्चेंजला दोहोंतला फरक कळण्याचा मार्ग नव्हता.

प्रश्न: फोनवर स्टार आणि हॅश कशासाठी आले? फक्त आकडे असलेले फोन होते का? आणि ५ च्या बटणावर बारीक फुगवटा का असतो?
(एक विद्यार्थी, मडगाव)

उत्तर: होते. १८ नोव्हेंबर १९६३ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या कार्नेगी आणि ग्रीन्सबर्ग या गावांत ही सेवा ग्राहकांसाठी प्रथम सुरू झाली, तेव्हाच्या संचावर दहाच बटणे होती. शून्याच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या होत्या, पण त्यांच्या वाट्याचे सूर आधीच ठरलेले होते. टेलिफोनवरून पुढे संगणकांशी आणि विशेष सेवांशी बोलावे लागेल हा अंदाज घेऊन १९६८ च्या संचात त्या जागा स्टार आणि हॅश यांनी भरल्या. हॅशला बेलमधल्या मंडळींनी ऑक्टोथॉर्प असे भारदस्त नाव दिले. ते कसे सुचले याच्या तीन-चार कहाण्या सांगितल्या जातात आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत.

उजवीकडे चौथी उभी ओळही आहे, १६३३ हर्ट्झची. घरगुती फोनवर ती दिसत नाही. अमेरिकी लष्कराच्या ऑटोव्हॉन या टेलिफोन जाळ्यात ती चार बटणे अग्रक्रमासाठी वापरत. लाइन भरलेली असली आणि वरच्या अग्रक्रमाचा फोन आला, तर खालच्याचे बोलणे मध्येच तोडून लाइन मोकळी केली जाई.

५ वरचा फुगवटा न पाहता बटणे शोधण्यासाठी असतो. मधले बटण बोटाला सापडले की उरलेली आपोआप सापडतात. दृष्टिहीनांना त्याचा उपयोग होतोच, अंधारात फोन करणाऱ्या डोळसांनाही होतो.

प्रश्न: रेल्वेच्या १३९ वर मोबाइलवरून पीएनआर विचारताना बटणे दाबावी लागतात. मोबाइलला ना तार, ना तसले एक्स्चेंज. तरी तो हे जुने सूर का वाजवतो?
(एक वाचिका, ठाणे)

उत्तर: पलीकडे बसलेल्या यंत्राला तीच भाषा येते म्हणून. तबकडीच्या तुटी आपल्या एक्स्चेंजपाशी संपत. त्यांचे काम नंबर लावण्याचे होते आणि फोन जोडला गेला की त्यांना पुढे वाट नव्हती. सूर हा मात्र आवाजच असल्यामुळे, ज्या मार्गाने बोलणे जाते त्याच मार्गाने तोही थेट पलीकडच्या टोकाला पोहोचतो. त्यामुळे फोन लागल्यानंतरही बटणांना काम उरले आणि भाषा निवडण्यापासून बँकेतली शिल्लक ऐकण्यापर्यंतच्या सगळ्या सेवा त्यावर उभ्या राहिल्या. पल्सच्या लाइनवर असलेल्या फोनचीही म्हणूनच पंचाईत होई. त्यावर तोडगा म्हणून पुष्कळ संचांत फोन लागल्यावर स्टार दाबला की तेवढ्या बोलण्यापुरता संच सुरांवर जाई.

मोबाइलवर नंबर लावण्यासाठी सुरांची गरज नसते. तो नंबर संदेश म्हणून एकगठ्ठा जातो. बोलणे सुरू झाल्यानंतर आपण २ दाबता, तेव्हाही जीएसएम पद्धतीचा मोबाइल स्वतः सूर पाठवत नाही. मोबाइलमध्ये आवाज दाबून, लहान करून पाठवला जातो. ती पद्धत माणसाच्या बोलण्यासाठी बेतलेली असल्यामुळे या दोन काटेकोर सुरांची तिच्यात मोडतोड होऊ शकते. म्हणून मोबाइल फक्त ‘२ दाबले’ एवढा निरोप देतो आणि वरच्या ओळीचा ६९७ आणि मधल्या उभ्या ओळीचा १३३६ असा शुद्ध जोडसूर कंपनीचे यंत्र पलीकडे वाजवते. आपल्या कानाला येणारी पीं ही आपले बटण लागले हे कळावे म्हणून मोबाइलने तेथल्या तेथे काढलेली असते. ती सेटिंगमध्ये बंद केली, तरी १३९ ला आपला पीएनआर नीट ऐकू जाईल.